मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरचा पुरस्कार आणि विषाणूभय : एका युक्तिवादाची चिकित्सा

प्रास्ताविक

मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या लेखनात आणि व्याख्यानांत एक युक्तिवाद हमखास आढळतो. संगणकात विषाणू शिरतात, कागदपत्रे नष्ट होतात, प्रयोगशाळा बंद ठेवावी लागते. यावर उपाय म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिस सोडून ओपनऑफिस किंवा लिबरऑफिस वापरणे, असा त्याचा सारांश असतो. हा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे आणि महाविद्यालयीन प्राध्यापकवर्गाला तो पटकन पटतो, कारण त्यामागची भीती त्याच्या परिचयाची आहे. प्रबंधाची एकमेव प्रत असलेला पेनड्राइव्ह सायबर कॅफेतून परत आल्यावर त्यात फोल्डरांच्या जागी त्याच नावाच्या ‘.ईएक्सई’ फाइली दिसाव्यात, हा अनुभव २००५ ते २०१० या काळात संशोधन करणाऱ्या अनेकांना सांगता येईल. प्रश्न असा आहे की, या भीतीवर जो उपाय सुचवला जातो त्याचा तिच्याशी नेमका संबंध काय? मुक्त सॉफ्टवेअरची बाजू मुळात भक्कम आहे. तरीही तिचे समर्थन चुकीच्या आधारावर केले जात असेल तर त्या आधाराची तपासणी होणे आवश्यक ठरते; कारण आधार निसटला की बाजूही पडते, आणि महाविद्यालयांत असे अनेकदा घडले आहे.

प्रारंभीच एक शब्दभेद स्पष्ट करणे इष्ट. ‘फ्री’ या इंग्रजी शब्दात स्वातंत्र्य आणि विनामूल्यता हे दोन्ही अर्थ दडलेले आहेत आणि रिचर्ड स्टॉलमन यांना त्यातला फरक आयुष्यभर समजावून सांगावा लागला. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन स्वतंत्र शब्द उपलब्ध आहेत. असे असूनही मराठी प्रचारात दुसराच शब्द अधिक वापरला गेला, आणि पुढील बराचसा घोटाळा तिथून सुरू झाला. मोफत वस्तूची बिले नसतात. तिची जबाबदारीही कोणावर नसते, असा समज त्यातून रूढ झाला.

मॅक्रो-विषाणूंचा इतिहास आणि युक्तिवादाचा उगम

युक्तिवादाचा उगम खरा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. १९९५ मध्ये ‘कन्सेप्ट’ हा वर्डच्या दस्तऐवजातून पसरणारा विषाणू प्रकट झाला. तोपर्यंत विषाणू हा प्रोग्रामला किंवा फ्लॉपीच्या आरंभ-भागाला चिकटतो असे मानले जाई. साधे पत्र किंवा प्रश्नपत्रिका ही निरुपद्रवी गोष्ट समजली जाई. मॅक्रो म्हणजे दस्तऐवजाच्या पोटात ठेवलेला छोटा प्रोग्राम. ही सोय कारकुनी काम हलके करण्यासाठी दिलेली होती. पण दस्तऐवज उघडताच तो प्रोग्राम आपोआप चालू शकत असल्यामुळे पत्र आणि प्रोग्राम यांतली सीमारेषाच पुसली गेली. २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ पसरला. वर्डचा दस्तऐवज उघडला की आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतील पहिल्या ५० जणांना तो स्वतःची प्रत पाठवत असे, आणि अनेक मोठ्या संस्थांना आपली टपालयंत्रणा काही काळ बंद करावी लागली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘आय लव्ह यू’ आला. तो मॅक्रो नव्हता, व्हिज्युअल बेसिक स्क्रिप्ट होता. परंतु सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने दोघेही एकाच कंपनीच्या उत्पादनांतून आलेले होते.

नेमक्या याच काळात पर्याय उपलब्ध झाला. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये जर्मनीतील स्टार डिव्हिजन ही कंपनी विकत घेतली, ऑक्टोबर २००० मध्ये स्टारऑफिसचा मूलस्रोत खुला केला आणि २००२ मध्ये ओपनऑफिसची १.० ही आवृत्ती प्रकाशित झाली. मायक्रोसॉफ्टच्या मॅक्रोभाषेत लिहिलेले विषाणू ओपनऑफिसमध्ये चालत नव्हते. त्यामुळे ‘ओपनऑफिसला विषाणू लागत नाहीत’ हे विधान त्या क्षणापुरते जवळजवळ खरे होते. प्रचाराने ते उचलले आणि त्याच्या मागची ‘त्या क्षणापुरते’ ही मर्यादा गाळून टाकली.

ही मर्यादा लवकरच उघड झाली. २००६ मध्ये ‘स्टारडस्ट’ या नावाने ओपनऑफिसच्या मॅक्रोभाषेतील एक नमुना-विषाणू विषाणूविरोधी कंपन्यांनी जाहीर केला. मे २००७ मध्ये ‘बॅडबनी’ आला. ओपनऑफिसच्या चित्र-फाइलमधून येणारा हा कृमी विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर आपापल्या परीने वागत असे. दोन्हींचा प्रसार नगण्य होता, हे खरे. मात्र त्यांनी सिद्ध केलेली गोष्ट नगण्य नव्हती. मॅक्रोची सोय जिथे आहे तिथे तिचा गैरवापर शक्य आहे; परवाना कोणता यावर ते अवलंबून नाही.

दुर्मीळतेने मिळणारी सुरक्षा

मग ओपनऑफिसवर हल्ले कमी का झाले? याचे प्रामाणिक उत्तर असे की, ते वापरणारे कमी होते. २००३ मध्ये डॅनियल गीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टच्या मक्तेदारीमुळे निर्माण होणाऱ्या धोक्यावर एक अहवाल प्रसिद्ध केला. साऱ्या शेतात एकच वाण पेरले की एकच रोग सारे पीक नेतो, हा शेतीशास्त्रातला विचार त्यांनी संगणकांना लावला. अहवाल प्रसिद्ध होताच गीअर यांना आपली नोकरी गमवावी लागली, ही त्याची एक बाजू. विचाराचे बळ मात्र अबाधित राहिले.

मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांनी हा विचार स्वागताने स्वीकारला, पण त्याचा पुढचा टप्पा पाहिला नाही. वाणांचे वैविध्य ही सुरक्षेची अट असेल तर लिबरऑफिस सर्वत्र पोचले की तेही एकच वाण होते. म्हणजे प्रचार यशस्वी होताच प्रचाराचे कारण संपते. ‘सर्वांनी हे वापरावे, कारण फार थोडे लोक हे वापरतात’ अशा स्वरूपाचे विधान तर्कदृष्ट्या टिकणारे नाही. आणि ते टिकत नाही हे ज्याला कळते, त्याला मुक्त सॉफ्टवेअरची बाकीची बाजूही संशयास्पद वाटू लागते.

याहून अवघड अडचण सुसंगतीची आहे. जुन्या फाइली उघडता आल्या नाहीत तर कोणीही नवे सॉफ्टवेअर स्वीकारत नाही. त्यामुळे ओपनऑफिसच्या आणि पुढे लिबरऑफिसच्या विकासकांनी मायक्रोसॉफ्टच्या मॅक्रोभाषेचा काही भाग चालवण्याची क्षमता आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. वापरकर्त्याच्या दृष्टीने ही प्रगती होती. सुरक्षेच्या दृष्टीने पाहिल्यास, ज्या गोष्टीच्या अभावाला आजवर सद्गुण म्हटले गेले तीच गोष्ट येथे कष्टाने मिळवलेली दिसते.

स्वरूपाबाबतही असेच. मायक्रोसॉफ्टने २००७ च्या आवृत्तीपासून मॅक्रो असलेल्या आणि नसलेल्या दस्तऐवजांसाठी दोन वेगळी विस्तारनामे ठेवली. ‘डॉकएक्स’ फाइलमध्ये मॅक्रो ठेवता येत नाही, त्यासाठी ‘डॉकएम’ लागते. ओपनडॉक्युमेंट स्वरूपात हा भेद नाही; ‘ओडीटी’ फाइल वरून पाहून तिच्यात मॅक्रो आहे की नाही हे कळत नाही. खुले मानक म्हणून ओपनडॉक्युमेंटचे महत्त्व मोठे आहे, त्याकडे पुढे यावयाचेच आहे. पण या एका मुद्द्यावर प्रतिस्पर्ध्याची रचना अधिक सावध आहे, हे प्रचारसाहित्यात कोठेही नमूद झालेले दिसत नाही. पुढे २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच अडवण्याचा निर्णय अमलात आणला. पंचवीस वर्षांहून अधिक उशिरा का होईना, पण आणला. १९९९ चा विरोधक समोर उभा करून आजची तुलना करता येत नाही.

अनेक डोळे आणि त्यांची मर्यादा

मूलस्रोत सर्वांना खुला असल्यामुळे दोष लवकर सापडतात, हा या पक्षाचा दुसरा आवडता आधार. तो एरिक रेमंड यांच्या लेखनातून प्रसृत झाला. पाहण्याची मुभा असणे आणि प्रत्यक्ष पाहणे यांत मात्र अंतर असते. इंटरनेटवरील व्यवहारांचे कूटलेखन करणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये २०१२ मध्ये प्रकाशित झालेल्या आवृत्तीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष एप्रिल २०१४ पर्यंत उघडा पडला नाही, आणि तो पडला तेव्हा जगभर वापरल्या जाणाऱ्या या प्रकल्पाची निगा मूठभर माणसे राखत होती हे जगाला कळले. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संकुचन-साधनात मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. एका टोपणनावाच्या व्यक्तीने सुमारे दोन वर्षे उपयुक्त काम करून विश्वास संपादन केला आणि मग तो बसवला होता. सापडला तो लॉगइन होण्यास अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ का लागतो या कुतूहलातून. ते कुतूहल दाखवणारा अभियंता मायक्रोसॉफ्टच्या सेवेत होता, ही बाब दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कार्यालयीन सॉफ्टवेअरमधील एक उदाहरण अधिक बोलके आहे. लिबरऑफिसमध्ये ‘लिबरलोगो’ नावाचा घटक आहे. लहान मुलांना लोगो भाषेतील कासव फिरवून आज्ञावली शिकवावी, हा त्याचा स्तुत्य हेतू. तो लिबरऑफिससोबत आपोआप बसत असे. २०१९ मध्ये असे आढळले की, दस्तऐवजातील एखाद्या दुव्यावरून माउस नुसता फिरवला तरी या घटकामार्फत पायथन भाषेतील कोणतीही आज्ञा कसलीही सूचना न देता चालवता येते. ६.२.५ या आवृत्तीत दुरुस्ती झाली. ती अपुरी ठरल्याने ६.२.६ मध्ये पुन्हा करावी लागली. ज्या शैक्षणिक सोयीचा प्रचारात अभिमानाने उल्लेख व्हावा, तीच वाट ठरली. मात्र याच घटनेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. दोष, दुरुस्ती, दुरुस्तीतील उणीव आणि तिची दुरुस्ती हा सारा क्रम काही आठवड्यांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत पार पडला.

याउलट मायक्रोसॉफ्टचा ‘इक्वेशन एडिटर’ पाहावा. २००० साली संकलित झालेला हा घटक वर्डसोबत अनेक वर्षे तसाच वितरित होत राहिला. त्यातील गंभीर दोष नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने तो घटकच काढून टाकला. गणिताच्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे जपलेल्या प्रश्नपत्रिकांतील समीकरणे वर्डमध्ये दिसत राहिली, पण त्या जुन्या साधनाने त्यांत बदल करण्याची सोय गेली. हा निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने रास्त होता. परंतु तो कोणी घेतला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न उरतो. मूलस्रोत खुला असता तर तो घटक दुरुस्त करणारा कोणी निघाला असता किंवा नसता. निघण्याची शक्यता मात्र राहिली असती. ‘अनेक डोळे’ या आधाराचे खरे मोल एवढेच आणि इतके आहे.

प्रयोगशाळेतील वास्तव

आता मूळ भीतीकडे वळावे. भारतीय महाविद्यालयांतील संगणक ज्या विषाणूंनी जर्जर केले, त्यांपैकी बहुतेकांचा कार्यालयीन सॉफ्टवेअरशी संबंध नव्हता. पेनड्राइव्ह जोडताच ‘ऑटोरन’ सोयीमुळे ते आपोआप चालत. मायक्रोसॉफ्टने ही सोय जुन्या विंडोजमध्ये फेब्रुवारी २०११ च्या सुधारणेने आवरली. तोवर ‘ब्रॉन्टॉक’सारखे कृमी सुखेनैव नांदले. २००७ च्या सुमारास भारतात पसरलेला एक कृमी तर फायरफॉक्स हा मुक्त ब्राउझरच उघडू देत नसे. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या ‘कॉन्फिकर’साठीची दुरुस्ती ऑक्टोबर २००८ मध्येच उपलब्ध होती, मे २०१७ च्या ‘वॉन्नाक्राय’साठीची दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. दोन्ही वेळी फटका बसला तो दुरुस्ती न केलेल्या विंडोजला. त्यावर वर्ड आहे की रायटर, याला काहीच महत्त्व नव्हते. बेकायदा प्रतीच्या विंडोजवर लिबरऑफिस बसवून सुरक्षित झाल्याचे समाधान मानणे म्हणजे मागचे दार सताड उघडे ठेवून पुढच्या दाराचे कुलूप बदलण्यासारखे आहे.

तथापि याच ठिकाणी मुक्त सॉफ्टवेअरचा सर्वांत सबळ, आणि सर्वांत कमी मांडला गेलेला, सुरक्षाविषयक मुद्दा सापडतो. महाविद्यालयांतील संगणकांवर दुरुस्त्या का होत नव्हत्या? अनेक ठिकाणी प्रती बेकायदा होत्या, आणि अद्ययावतीकरण सुरू केले तर ते उघडकीस येईल या भीतीने ती सोय बंद ठेवली जाई. संगणक जोडून देणारा विक्रेताच ‘अपडेट करू नका’ असा सल्ला देई. शिवाय कुलूप तोडण्यासाठी वापरली जाणारी ‘क्रॅक’ नावाची फाइल ही स्वतःच विषाणूंचे वाहन असे. विषाणूविरोधी सॉफ्टवेअरने तिला हरकत घेतली की ते सॉफ्टवेअरच बंद केले जाई. देवनागरी टंकलेखनाच्या महागड्या साधनांच्या तोडलेल्या प्रतींची गोष्ट याहून वेगळी नव्हती. चोरीची वस्तू वापरणाऱ्याला पोलिसांकडे जाता येत नाही, तसा हा प्रकार. मुक्त सॉफ्टवेअर या लाजिरवाण्या अवस्थेतून बाहेर काढते. त्याची प्रत कायदेशीर असते, ती मूळ ठिकाणाहून घेता येते आणि तिची दुरुस्ती उघडपणे करता येते. सुरक्षा येथे परवान्यातून येते, सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेतून नव्हे. प्रचारसाहित्याने हे मांडले नाही याचे कारणही उघड आहे: ते मांडायचे तर श्रोत्यांना त्यांच्या बेकायदा प्रतींची आठवण करून द्यावी लागते.

परंतु दुरुस्ती करता येणे म्हणजे ती होणे नव्हे. लिनक्सवर लिबरऑफिस प्रणालीसोबत अद्ययावत होते; विंडोजवर मात्र दीर्घकाळ नवी आवृत्ती संपूर्ण उतरवून पुन्हा बसवावी लागत असे. महाविद्यालयात हे काम कोणाचे? खरेदी झालेली नसल्याने डेडस्टॉक नोंदवहीत नोंद नाही, वार्षिक देखभाल करारात उल्लेख नाही, लेखापरीक्षकाची शेरेबाजी नाही. कार्यशाळेच्या उत्साहात बसवलेले ओपनऑफिस त्याच आवृत्तीत वर्षानुवर्षे पडून राहते. त्यातील काही सोयींसाठी सोबत बसवलेले जावा तसेच जुने राहते. आणि २०१२-१३ मध्ये हल्लेखोरांचे आवडते लक्ष्य जावाच होते.

नावाचाही घोळ आहे. ओरॅकलने सन कंपनी ताब्यात घेतल्यानंतर सप्टेंबर २०१० मध्ये बहुसंख्य विकासक वेगळे होऊन लिबरऑफिसकडे गेले. २०११ मध्ये ओपनऑफिस अपाचे प्रतिष्ठानाकडे सुपूर्द झाले. २०१६ मध्ये जुलैत जाहीर झालेल्या एका सुरक्षा-त्रुटीची दुरुस्ती असलेली ओपनऑफिसची नवी आवृत्ती ऑक्टोबरमध्ये आली, आणि दरम्यान प्रकल्प बंद करण्याच्या शक्यतेवर त्याच्याच धुरीणांनी जाहीर चर्चा केली. तरीही जुन्या कार्यशाळांच्या टिपणांत आणि जुन्या क्रमिक पुस्तकांत ‘ओपनऑफिस’ हेच नाव राहिले. त्या नावाचा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला नकली उतरवणी-स्थळे भेटतात आणि जाहिरातखोर सॉफ्टवेअर घेऊन तो परततो. विषाणूपासून सुटका म्हणून दिलेला सल्ला विषाणूच्या दारात नेऊन सोडतो.

दस्तऐवजाची सुरक्षा

सुरक्षा या संकल्पनेत गोपनीयता आणि अखंडता यांच्यासोबत उपलब्धता हा तिसरा घटक गृहीत असतो. विषाणूभयाच्या गदारोळात हा तिसरा घटक दुर्लक्षित राहिला, आणि मराठीच्या दृष्टीने तर तोच सर्वांत महत्त्वाचा होता. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या सांकेतिक फाँटांत टंकित झाला. फाँट नसेल तर मजकूर म्हणजे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास. असे किती प्रबंध, स्मरणिका आणि नियतकालिकांचे अंक आज वाचता येत नाहीत! ते कोणत्याही विषाणूने नष्ट केलेले नाहीत. युनिकोड, ‘लोहित’सारखे मुक्त फाँट आणि २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेले ओपनडॉक्युमेंट स्वरूप, ही त्यावरची उत्तरे होत. मायक्रोसॉफ्टच्या प्रतिस्पर्धी स्वरूपाला आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत भारताने २००७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये विरोधी मत दिले, तेव्हा चर्चेच्या मुळाशी दस्तऐवज कोणाच्या हाती राहणार हाच प्रश्न होता. केंद्र शासनाचे २०१० चे खुल्या मानकांचे आणि २०१५ चे मुक्त सॉफ्टवेअर-स्वीकाराचे धोरण त्याच विचारातून आले.

म्युनिक महापालिकेचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. विंडोज एनटीचा आधार संपत आल्यावर २००३ मध्ये तिने लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला, तो विक्रेत्यावरील अवलंबित्व टाळण्यासाठी; विषाणूंची भीती हे मुख्य कारण नव्हते. २०१७ मध्ये तेथील सभागृहाने परत विंडोजकडे जाण्याचे ठरवले, हेही प्रचारक सहसा सांगत नाहीत. २०२४ मध्ये जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने सुमारे ३०,००० संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला, तोही स्वायत्ततेच्या भूमिकेतून. केरळच्या आयटी-अ‍ॅट-स्कूल प्रकल्पाने शालेय संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले, तेव्हा त्याने हजारो शिक्षकांच्या प्रशिक्षणाची आणि देखभालीची व्यवस्था सोबत उभी केली. महाराष्ट्रात २००१ पासून चाललेल्या एमएस-सीआयटीने लाखोंना संगणकाची ओळख करून दिली, परंतु ती ओळख प्रामुख्याने विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसची होती. महाविद्यालयीन कार्यालयातील लिपिकाची सवय तिथे घडली आणि कोणत्याही भयकथेने ती बदलली नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही त्याच दिवशी. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील अनेक संगणक विंडोज ११ च्या यंत्रविषयक अटी पूर्ण करत नाहीत. जुन्या युक्तिवादात कधी एकत्र न आलेले दोन प्रश्न, प्रणालीचा आणि कार्यालयीन सॉफ्टवेअरचा, येथे एकाच संगणकावर एकत्र आले आहेत. अशा संगणकावर लिनक्स आणि लिबरऑफिस बसवण्यास एक दुपार पुरते. त्यानंतर नॅकचे एक्सेलमधील तक्ते त्यात नीट उघडतात का, मराठी टंकलेखन इन्स्क्रिप्टने करायचे की ध्वन्यनुसारी पद्धतीने, आणि दर महिन्याची दुरुस्ती कोणत्या कर्मचाऱ्याच्या कामाच्या यादीत लिहायची, हे ठरवावे लागते.